मालकी मान्य, पण पुरावा मालकानेच द्यायचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२५ च्या अखेरीस तिथल्या अ‍ॅबोरिजिनल समाजांशी करार करणारा कायदा संमत केला, त्याविषयीची आपल्या अंकातील बातमी आणि त्यावर आलेले एका वाचकाचे पत्र अशी दोन्ही वाचली. पत्रलेखकाने दोन प्रश्न विचारले आहेत. जमिनीचे मूळ मालक म्हणून एकदा मान्यता दिली की उद्या ते लोकांच्या घरांवर हक्क सांगणार नाहीत कशावरून, हा पहिला. आणि जे भारतीय तिथे कालपरवा स्थायिक झाले त्यांचा या जुन्या हिशेबाशी संबंध काय, हा दुसरा. मी बरीच वर्षे मेलबर्नमध्ये राहतो आणि इथला मतदार आहे. हे दोन्ही प्रश्न इथल्या मराठी घरांतही विचारले जातात, त्यामुळे ते दुष्ट हेतूने विचारले आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांच्या मुळाशी असलेली समजूत वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे, म्हणून थोड्या विस्ताराने लिहितो.

आधी घरांची गोष्ट. या कराराने कोणाचीही खासगी जमीन कोणाला मिळत नाही. मूळ रहिवाशांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधी सभेला कायमचे स्थान देणे आणि त्यांच्याशी संबंधित कायदे व धोरणे ठरताना सरकारने त्यांचे म्हणणे ऐकणे, हा त्याचा गाभा आहे. जमिनीचे हक्क वेगळ्या कायद्यांखाली येतात, आणि त्यांतला मुख्य म्हणजे १९९३ चा केंद्रीय नेटिव्ह टायटल (म्हणजे मूळ रहिवाशांचा परंपरेने चालत आलेला भूहक्क) कायदा. सरकारने एखादी जमीन एकदा खासगी मालकीची करून दिली की तिच्यावरील मूळ रहिवाशांचा हक्क कायमचा संपतो आणि ती पुढे पुन्हा सरकारजमा झाली तरी तो जिवंत होत नाही, असे हायकोर्टाने (इथल्या सर्वोच्च न्यायालयाचे हेच नाव आहे) १९९८ मध्ये फेजो खटल्यात स्पष्ट केले. मूळ रहिवाशांचे भूहक्क मान्य करणाऱ्या १९९२ च्या माबो निकालानंतरही ‘तुमचे परसदार जाईल’ अशी हाकाटी झाली होती. तीस वर्षे उलटली, नेटिव्ह टायटलपायी कोणाचेही परसदार गेलेले नाही.

गेले ते दुसऱ्यांचे, आणि कसे गेले हेही कागदावर आहे. जून १८३५ मध्ये जॉन बॅटमन हा वसाहतवाला इथल्या वुरुंजेरी समाजाच्या वडीलधाऱ्यांना भेटला आणि ब्लँकेटे, कुऱ्हाडी, सुऱ्या, कात्र्या, आरसे, पीठ अशा वस्तूंच्या मोबदल्यात सुमारे सहा लाख एकर जमीन घेतल्याचा करारनामा त्याने तयार केला. त्या वडीलधाऱ्यांना त्या कागदाचा अर्थ काय वाटला असेल याविषयी आजही वाद आहे, आणि बॅटमनच्या हेतूंविषयी फारसा वाद नाही. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गव्हर्नर बर्क यांनी तो करार रद्दबातल ठरवला, तो मूळ रहिवाशांची फसवणूक झाली म्हणून नव्हे. जमीन राजसत्तेची असल्यामुळे तिथल्या लोकांना ती विकण्याचा अधिकारच नाही, असे कारण देऊन. म्हणजे जमीन लाटणाऱ्या माणसाने निदान समोर कोणीतरी मालक आहे एवढे गृहीत धरले होते. सरकारने तेवढेही धरले नाही.

मेलबर्नमधल्या माझ्या घराची मालकी दाखवणारा उतारा मी काढतो तेव्हा तो जेमतेम एखाद्या पानाचा असतो. त्यावर व्हॉल्युम क्रमांक, फोलिओ क्रमांक, मालकाचे नाव आणि बँकेचा बोजा एवढेच असते. इथली टॉरेन्स पद्धत अशी आहे की नोंदवहीत ज्याचे नाव तो मालक. त्या नोंदीची हमी सरकार देते आणि मागच्या मालकांची साखळी तपासत बसण्याची गरज उरत नाही. ती साखळी मागे नेलीच तर ती राजसत्तेने दिलेल्या पहिल्या पट्ट्यापाशी थांबते, आणि राजसत्तेला ती जमीन कोणी दिली हा प्रश्न विचारण्याची सोय त्या नोंदवहीत नाही. सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून तलाठ्याच्या दाराशी खेटे घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही पद्धत हेवा वाटावी इतकी सोपी आहे. ती फक्त आमच्यासारख्यांना सोपी आहे. ज्यांची नोंद करण्याची तजवीजच कोणी केली नाही त्यांना काय सिद्ध करावे लागते ते पाहिले, म्हणजे मला या पत्रात काय म्हणायचे आहे ते कळेल.

टोरेस सामुद्रधुनीतील मेर या बेटावरील एडी कोइकी माबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये क्वीन्सलँड सरकारविरुद्ध दावा लावला. या बेटावर प्रत्येक कुटुंबाच्या बागा आहेत, त्यांच्या सीमा झाडांनी आणि दगडांनी ठरलेल्या आहेत, आणि आपले नाही त्याला हात लावू नये अशी मालो या देवतेची आज्ञा तिथे पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. १९८९ मध्ये न्यायालय स्वतः बेटावर गेले. तरीही ‘हे मला आजोबांनी सांगितले’ असे साक्षीत आले की ऐकीव म्हणून सरकारी वकील हरकत घेत. जिथे लेखी नोंद नाही तिथे आजोबांच्या सांगण्याशिवाय दुसरे काय असणार, हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहत होता. वस्तुस्थिती तपासण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्या न्यायमूर्ती मॉयनिहान यांनी खुद्द माबो यांचा स्वतःच्या जमिनींवरचा वारसा मान्य केला नाही. दावा पुढे टिकला तो सहवादींच्या जमिनींमुळे. जानेवारी १९९२ मध्ये माबो वारले आणि ३ जून १९९२ रोजी सहा विरुद्ध एक अशा बहुमताने हायकोर्टाने सांगितले की ब्रिटिश आले तेव्हा ही भूमी कोणाची नव्हती असे मानणे चूक होते आणि मूळ रहिवाशांचे भूहक्क कायद्याने टिकून असू शकतात. ज्याच्या नावाने हा निकाल ओळखला जातो त्याचे स्वतःचे म्हणणे पुराव्याअभावी फेटाळले गेले होते, हे फार थोड्या ठिकाणी लिहिलेले आढळते.

‘टिकून असू शकतात’ हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरले. कायद्याची अट अशी आहे की दावेदारांनी इंग्रजांच्या आगमनापासून आजपर्यंत आपले पारंपरिक नियम आणि रूढी यांच्याशी असलेले नाते मुख्यतः अखंड ठेवले आहे हे सिद्ध करावे. मेरसारख्या दूरच्या बेटावर, जिथे लोकांना कधी जमिनीवरून उठवलेच नाही, तिथे हे जमले. व्हिक्टोरियात, जिथे वसाहत सर्वांत वेगाने आणि सर्वांत निर्दयपणे पसरली, तिथे काय झाले हे यॉर्टा यॉर्टा समाजाच्या दाव्यात दिसते.

मरे आणि गोल्बर्न नद्यांच्या संगमाभोवतीचा, बार्मा जंगलाचा प्रदेश हा या लोकांचा. त्यांनी जमीन मागण्याचा इतिहास नेटिव्ह टायटल कायद्यापेक्षा शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. १८८१ मध्ये मालोगा मिशनमधील या लोकांनी न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरकडे अर्ज केला की आमच्या सीमेतली सगळी जमीन सरकारने आणि गोऱ्या वसाहतवाल्यांनी घेतली आहे, तरी आम्हाला शेती करून पोट भरण्यापुरती जमीन द्यावी. जमीन मागणाऱ्या गरजू माणसाने सरकारला रुचेल अशा भाषेत लिहावे तसेच त्यांनीही लिहिले : जुनी राहणी आता आम्हाला मिळालेल्या शिकवणीला धरून नाही, आम्हाला स्थिर होऊन कष्टाने जगायचे आहे. पुढे याच समाजातील विल्यम कूपर यांनी १९३० च्या दशकात अठराशेहून अधिक लोकांच्या सह्या गोळा करून इंग्लंडच्या राजाच्या नावे अर्ज तयार केला. तो राजाकडे पाठवायचा नाही असे ऑस्ट्रेलियाच्या मंत्रिमंडळाने ठरवले. १९३९ मध्ये कमरागंजा वसाहतीतील जाचाला कंटाळून लोक नदी ओलांडून निघून गेले. इतके सगळे केल्यावर १९९४ मध्ये त्यांनी नव्या कायद्याखाली दावा दाखल केला.

सुनावणी ११४ दिवस चालली. न्यायमूर्ती ओल्नी यांनी डिसेंबर १९९८ मध्ये दावा फेटाळताना म्हटले की इतिहासाच्या भरतीने या लोकांचे पारंपरिक नियम आणि रूढी धुऊन नेल्या आहेत. त्यांच्यासमोर समाजातील वृद्धांच्या साक्षी होत्या आणि एडवर्ड कर या माणसाने लिहिलेल्या आठवणीही होत्या. कर हा १८४० च्या दशकात याच प्रदेशात, याच लोकांच्या जमिनीवर मेंढ्या चारून श्रीमंत झालेला वसाहतवाला. न्यायमूर्तींनी अधिक वजन करच्या लिखाणाला दिले. साक्षीदारांनी सांगितले की आम्ही गरजेपुरतीच मासळी आणि शिकार घेतो, ही आमची रीत आहे. निकालात म्हटले की करच्या वर्णनाप्रमाणे त्यांचे पूर्वज अन्न वाया घालवत असत, तेव्हा ही रीत परंपरागत मानता येत नाही. आणि १८८१ चा तो अर्ज? तोही पुरावा म्हणून पुढे आला, दावेदारांच्या विरुद्ध. जुनी राहणी सोडल्याचे त्यांनी स्वतःच कबूल केले होते, असा त्याचा अर्थ लावला गेला. जमीन मिळावी म्हणून केलेला अर्ज एकशे सतरा वर्षांनी जमीन न मिळण्याचे कारण ठरला. डिसेंबर २००२ मध्ये हायकोर्टाने पाच विरुद्ध दोन मतांनी अपील फेटाळले.

मी कायद्याचा अभ्यासक नाही, आणि प्रत्येक न्यायाधीशाने त्याच्यापुढच्या कायद्याच्या चौकटीतच निकाल द्यायचा असतो हे मला समजते. परंतु या चौकटीचा परिणाम असा होतो की ज्या समाजाला अधिक क्रूरपणे हाकलले, ज्यांची मुले काढून नेली, ज्यांची भाषा बोलण्यास मिशनमध्ये बंदी केली, त्यांचाच दावा सर्वांत कमकुवत ठरतो. आणि ज्याने हाकलले त्याला आपण कोणत्या हक्काने आलो हे एका ओळीतही सिद्ध करावे लागत नाही. देशाच्या ४० टक्क्यांहून अधिक भूभागावर आता नेटिव्ह टायटल मान्य झाले आहे असे जे अभिमानाने सांगितले जाते ते खोटे नाही. त्यातला बराचसा भाग वाळवंटी आणि विरळ वस्तीचा आहे, आणि पुष्कळ ठिकाणी हा हक्क गुरे चारण्याचे पट्टे असलेल्यांसारख्या इतर हक्कदारांबरोबर वाटून घ्यावा लागतो, एवढे त्या आकड्याबरोबर सांगितले पाहिजे.

दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. १९६३ मध्ये नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडील प्रदेशात, आर्नहेम लँडच्या राखीव क्षेत्रातील गोव्ह द्वीपकल्पावर बॉक्साइटच्या खाणीसाठी जमीन काढून घेतली गेली तेव्हा यिरकाला येथील योल्ङु लोकांनी झाडाच्या सालीवर अर्ज पाठवले. मधोमध त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत टंकलेला मजकूर, आणि त्याच्या चारही बाजूंनी त्या त्या कुळाचे जमिनीवरील नाते सांगणारी चित्रे. पहिल्या अर्जावरील सह्यांविषयी सरकारने शंका घेतली, तेव्हा दुसऱ्यावर वडीलधाऱ्यांचे अंगठे आले. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी मान्य केले की या लोकांची स्वतःची सूक्ष्म आणि सुस्थिर कायदापद्धती आहे, पण त्यांचे जमिनीशी असलेले नाते इंग्रजी कायद्याला ओळखीच्या मालमत्ता-हक्कात बसत नाही म्हणून दावा नाकारला. त्या पराभवातून भूहक्कांविषयीचा वुडवर्ड आयोग आला आणि त्यातून १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीचा भूहक्क कायदा. या कायद्याने जुनी राखीव क्षेत्रे दावा लावायला न सांगता थेट अ‍ॅबोरिजिनल भूविश्वस्त संस्थांच्या नावे केली, विकता न येणारी मालकी दिली, आणि खनिजांच्या शोधाला नकार देण्याचा अधिकार पारंपरिक मालकांच्या हाती ठेवला. आज त्या टेरिटरीतील सुमारे निम्मी जमीन या कायद्याखाली आहे. तिथे ना शेती बुडाली, ना राज्य. उलुरू हा प्रचंड खडकही १९८५ मध्ये आनंगु लोकांना परत दिला गेला आणि त्याच दिवशी राष्ट्रीय उद्यान म्हणून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारने परत घेतला. त्यावर चढणे बंद व्हायला मात्र २०१९ उजाडले.

याउलट १९९३ च्या कायद्यात नकाराधिकार नाही, फक्त वाटाघाटीचा अधिकार आहे. वाटाघाट फसली तर लवाद निर्णय देतो आणि तो खाणीच्या विरोधात गेल्याची उदाहरणे अगदी मोजकी आहेत. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातील पुटु कुंटी कुरामा आणि पिनिकुरा समाजाचे नेटिव्ह टायटल २०१५ मध्ये मान्य झाले होते, तरी मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी जूकन घळीतील त्यांच्या गुहा सुरुंग लावून उडवल्या. तिथे ४६ हजार वर्षांपूर्वीपासून मानवी वावराच्या खुणा होत्या. राज्याच्या १९७२ च्या वारसा कायद्याखाली कंपनीने २०१३ मध्ये परवानगी घेतलेली होती, म्हणजे हे कृत्य कायदेशीर होते. कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. गुहा गेल्या त्या गेल्या.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. भारतीयांचा संबंध काय? क्वीन्सलँडमधील कार्माइकल कोळसा खाण अदानी समूहाची आहे, आणि तिच्यासाठी भारतीय स्टेट बँकेने २०१४ मध्ये एक अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाचा सामंजस्य करार जाहीर केला होता. तिथल्या वांगन आणि जगालिंगू समाजात या खाणीवरून उभी फूट पडली. २०१६ च्या सभेत कराराच्या बाजूने २९४ आणि विरुद्ध १ मत पडले. विरोधकांचे म्हणणे होते की मतदारांपैकी अनेक जण या समाजाचेच नव्हते. न्यायालयांनी करार वैध ठरवला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये राज्य सरकारने खाणीच्या १,३८५ हेक्टरवरील नेटिव्ह टायटल संपुष्टात आणले. कराराला पाठिंबा देणारे सगळे विकले गेलेले होते असे मी मानत नाही. ज्यांना नकाराधिकारच नाही त्यांनी निदान रोजगार आणि मोबदला पदरात पाडून घ्यावा असे ठरवले तर त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु माझ्या वाचनात आलेल्या मराठी बातम्यांत कर्ज, पर्यावरण आणि राजकारण एवढेच होते. या लोकांचे नावही क्वचित होते.

आणि खाण दूर राहिली, तरी आमची मंडळे आहेतच. इथल्या गणेशोत्सवात आरतीआधी व्यासपीठावरून एक मुलगा किंवा मुलगी कागद हातात धरून सांगते की आपण ज्या भूमीवर जमलो आहोत तिच्या पारंपरिक मालकांना आम्ही मान देतो. त्या वेळी सभागृहात खुर्च्या सरकवण्याचा आवाज असतो आणि मागे कोणीतरी माइकची वायर शोधत असतो. हे वाक्य म्हणू नये असे मला म्हणायचे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मूळ रहिवाशांच्या सल्लागार मंडळाला राज्यघटनेत स्थान देण्यासाठी सार्वमत झाले आणि देशातील सुमारे ६० टक्के मतदारांनी नकार दिला. इथे मतदान सक्तीचे असल्याने आम्ही नागरिकत्व घेतलेल्या सर्वांनी त्यात मत दिले. ‘आम्ही नंतर आलो’ असे म्हणणाऱ्यांनीही दिले. घराचा उतारा, मतपत्रिका आणि पेन्शन फंडात असलेले खाण कंपन्यांचे शेअर ही तिन्ही आमच्या नावावर आहेत, तेव्हा संबंध नाही हे म्हणणे टिकत नाही.

बदल करण्याजोगा आहे आणि तो नेमका कुठे करायचा हेही ठाऊक आहे. २००८ मध्ये न्यायमूर्ती रॉबर्ट फ्रेंच यांनी, सरन्यायाधीश होण्याच्या थोडे आधी, सुचवले होते की काही प्राथमिक गोष्टी दाखवल्या की नात्याचे सातत्य गृहीत धरावे आणि ते तुटले असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे. २०१५ मध्ये विधी आयोगाने सातत्याची अट शिथिल करण्याची शिफारस केली. दोन्ही सूचना कागदावर आहेत. व्हिक्टोरियाने यॉर्टा यॉर्टा निकालानंतर २०१० मध्ये न्यायालयाबाहेर तडजोडीने हक्क मान्य करणारा स्वतंत्र कायदा केला, तो उपयोगी आहे; पण ते राज्याच्या इच्छेवर चालणारे काम आहे. मार्च २०२५ मध्ये मात्र हायकोर्टाने युनुपिंगू खटल्यात ठरवले की नेटिव्ह टायटल ही मालमत्ताच आहे आणि नॉर्दर्न टेरिटरीत केंद्र सरकारने ती हिरावली असेल तर राज्यघटनेप्रमाणे न्याय्य भरपाई द्यावी लागेल. हा दावा त्याच गोव्ह द्वीपकल्पाचा, आणि तो लावणारे गुमाज कुळाचे प्रमुख गलारवुय युनुपिंगू त्या सालीच्या अर्जांच्या काळात शाळकरी वयाचे होते. २०२३ मध्ये ते वारले; निकाल त्यांनाही पाहायला मिळाला नाही.

आपल्याला एकच विनंती आहे. अशा दाव्यांच्या बातम्या यापुढेही येतील, कारण भरपाईचे हिशेब आता सुरू होत आहेत. त्या छापताना ‘आदिवासींनी जमीन मागितली’ एवढ्यावर न थांबता कोणत्या समाजाने, कोणत्या कायद्याखाली मागितली आणि पुरावा देण्याचा भार कोणावर होता, एवढे तीन तपशील त्यात यावेत.

कळावे,
आपला विश्वासू,
मेलबर्नस्थित एक वाचक